डांगराची कावीळ

पाथर्डी फाट्याजवळच्या शुभारंभ लॉन्सवर त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी गाडी लावायला जागा नव्हती. लासलगावहून, पिंपळगावहून माणसं पिकअप भरभरून आली होती. मांडवातल्या खुर्च्या संपल्या, तेव्हा लोक केटरिंगवाल्यांनी पालथ्या घालून ठेवलेल्या पातेल्यांवर बसले. स्टेजवर नवरा-नवरीच्या सोनेरी, मखमली खुर्च्या तशाच होत्या. फक्त आज त्यांत यकृताचे पेशंट बसले होते. विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, पाय प्लास्टिकच्या टबात, आणि चेहऱ्यावर फोटोसाठी बसलेल्या नवरदेवाचा गंभीर भाव.

डावीकडच्या खुर्चीत सहादू गांगुर्डे होते.

त्यांच्या टबातलं पाणी आधी अगदी स्वच्छ होतं. मग टबात मधोमध ठेवलेल्या, विजेची वायर जोडलेल्या जाळीच्या डबीभोवती एक पिवळट ढग उठला. ढग पसरला, नारिंगी झाला, बघता बघता चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी झाला. वर फेस धरला.

"अगं बाई, काय घाण निघाली गं!" पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली. सगळा मांडव उठून उभा राहिला. मागचे पुढच्यांना म्हणाले, बसा. पुढचे म्हणाले, आधी बघू द्या.

"घाण नाही माउली, विष!" माइकवरून आवाज आला. "अनेक वर्षांचं विष! यकृतातून निघालं, मांडीतून उतरलं आणि तळपायाच्या छिद्रांतून बाहेर पडलं. कोणी काढलं? औषधानं? नाही. मंत्रानं? नाही. व्हायरसनं काढलं!"

बोलणारे होते डॉ. गौरांगनाथ. अंगात डॉक्टरचा पांढरा कोट, खाली रेशमी धोतर, कपाळाला गंध आणि गळ्यात रुद्राक्षाच्या माळेत गुंतलेला स्टेथोस्कोप. ज्याला जे पटेल त्यानं ते पाहावं, अशी सोय होती. पदवी कुठली असं कोणी विचारलं तर ते उत्तरेकडे बोट करून "हिमालय" म्हणायचे.

सहादूंनी फक्त स्टेथोस्कोप पाहिला होता.

आता हे सहादू गांगुर्डे म्हणजे कोण, ते सांगायला हवं, नाहीतर यातली गंमत कळायची नाही. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, सिडकोत राहणारा, बुवाबाजीचा कट्टर वैरी. तरुणपणी निफाडकडच्या त्यांच्या गावात एका बाईच्या अंगात यायचं. तिनं घुमायला सुरुवात केली की सगळे पाया पडायचे. सहादूंनी एकदा मागून नुसतं "साप! साप!" असं ओरडून पाहिलं. लोक उठायच्या आत देवीच खाटेवर चढून बसली होती. कॉलनीत ताईत विकायला आलेला माणूस गांगुर्डेंच्या दारावरून पुढे जायचा तो थेट पुढच्या कॉलनीतच थांबायचा. "ज्यानं बुद्ध आणि बाबासाहेब वाचले, त्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय," असं ते बिनधास्त सांगत.

आणि तरीही ते टबात पाय घालून बसले होते, कारण इथे देवाचं नाव कोणी काढत नव्हतं. इथे विज्ञान होतं.

शिवाय त्यांचं यकृत खरंच बिघडलं होतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहून सिरोसिस म्हणून सांगितलं, तेव्हा सहादूंना आजारापेक्षा अपमानच जास्त लागला. जन्मात थेंब घेतला नव्हता, पण यकृताचं नाव काढलं की लोक डोळे मिचकावायचे. "जिलेबीनं होतं हो ते, साखरेनं आणि चरबीनं!" ते रस्त्यात थांबून समजावायचे. ऐकणारा म्हणायचा, "हो हो, जिलेबीच असणार." आणि पुन्हा डोळा मिचकावायचा.

त्यांची मुलगी रोहिणी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. तिनंच एकदा जेवताना सांगितलं होतं, की काही विषाणू माणसाला हात न लावता फक्त जिवाणूंना खातात, त्यांना फाज म्हणतात. परदेशात शास्त्रज्ञांनी असे विषाणू यकृताच्या आजारावर वापरून बघितले आहेत आणि निकाल चांगला आला आहे. सहादूंच्या डोक्यात ते वाक्य खुंटी ठोकावी तसं बसलं. पुढे गौरांगनाथांच्या शिबिराचं पत्रक हातात आलं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'व्हायरसने यकृतशुद्धी' असं छापलेलं पाहिलं आणि त्यांना वाटलं, परदेशातलं विज्ञान शेवटी पाथर्डी फाट्यावर पोचलं.

"व्हायरस म्हटलं की तुम्ही घाबरता," गौरांगनाथ सांगत होते. "कोरोनानं घाबरवून ठेवलंय. पण माणसांत जसा चोर असतो तसा पोलीसही असतो ना? हे माझे पोलीस व्हायरस! ब्रह्मगिरीवर गोदामाईच्या उगमात हजारो वर्षं तप करत बसले होते. मी त्यांना जागं केलं. त्यांचं नाव गोदाफाज!" त्यांनी एक निळी बाटली उंच धरली. "हे तळपायातून आत शिरतात, यकृतात जातात, पंचनामा करतात आणि विषाला बेड्या घालून आल्या रस्त्यानं बाहेर आणतात. फक्त एक पथ्य. ॲलोपॅथीच्या गोळ्या घेतल्यात, तर माझे पोलीस मरतील!"

सहादू बाटली घेऊनच घरी आले. इतके प्रसन्न ते निवृत्तीच्या दिवशीही नव्हते.

रोहिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, हा माणूस चोर आहे."

"का? जिवाणू खाणारे व्हायरस असतात की नसतात?"

"असतात."

"यकृतावर प्रयोग झाले की नाही झाले?"

"झाले."

"विमल, ऐकलंस?" सहादूंनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विजय जाहीर केला. "पोरीनं कबूल केलं!"

"अहो, पुढचं तरी ऐका," रोहिणी म्हणाली. "दारूनं यकृत सुजलेल्या काही जणांच्या आतड्यात एक ठरावीक जिवाणू वाढतो, विष सोडतो. त्याच जिवाणूला खाणारा विषाणू शास्त्रज्ञांनी शोधला आणि उंदरांना दिला. उंदरांच्या यकृताची सूज कमी झाली. माणसांचं अजून तपासायचं आहे. त्याला वेळ लागतो. आणि तो उपचार तुमच्या आजारावरचा नाहीच, दारूच्या आजारावरचा आहे."

"मग काय, आता मी प्यायला लागू?"

"आणि तो तोंडातून पोटात द्यावा लागतो. तळपायातून नाही."

"तुमच्या कॉलेजात कुठून आणता गं हे व्हायरस?" सहादूंनी विचारलं.

रोहिणी म्हणाली, "नाल्यातून. जिथं जिवाणू जास्त, तिथं त्यांना खाणारेही जास्त. मुलं बाटल्या घेऊन सांडपाणी आणतात."

"बघा! हिचा व्हायरस गटारातला, त्यांचा ब्रह्मगिरीचा. आणि ही त्यांना चोर म्हणते."

विमलाबाई बाहेर आल्या. त्यांनी निळ्या बाटलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "लग्न झाल्यापासून मला एका सत्यनारायणाला जाऊ दिलं नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि आता स्वतः बाटली आणलीत."

"विमल, ते वेगळं. हे सायन्स आहे."

शिबिराच्या वाऱ्या सुरू झाल्या. दर वेळी पाणी तपकिरी व्हायचं आणि दर वेळी सहादू हलके होऊन परत यायचे. निदान ते तसं म्हणायचे. पण थोड्याच आठवड्यांत विमलाबाईंच्या लक्षात आलं, की नवऱ्याची चप्पल पायात जात नाही. घोट्यावर बोट दाबलं की तिथे खळगा राहतो. पोट पुढे आलंय, विजारीची नाडी पुरत नाही. त्यांनी गोळ्यांचा डबा उघडला. लघवी साफ होऊन अंगातलं पाणी उतरावं म्हणून दिलेल्या गोळ्यांची पाकिटं भरलेली तशीच होती.

"गौरांगसर म्हणाले, सूज येणारच. पोलीस जमा होतायत," सहादू म्हणाले. पण सोफ्यावरून उठताना त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि आपल्याला धाप लागलीय हे त्यांनाही कळलं.

त्या दुपारी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. फ्रिजसमोर उभे राहून ते फ्रिजला रागावले, "साडेदहाला यायचं ठरलं होतं ना? हजेरीला रोज असा उशीर चालणार नाही." विमलाबाई आधी हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की हे थट्टेनं बोलत नाहीयेत.

रोहिणीनं रिक्षा बोलावली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद केल्यात, पाणी साठलं, मेंदूवरही परिणाम व्हायला लागला होता. वेळेवर आणलंत. चार दिवसांत सहादू भानावर आले, फ्रिजची आठवण काढली की खजील होऊ लागले. गोळ्या त्यांनी पुन्हा सुरू केल्या. पण गौरांगनाथांबद्दल बोलणं निघालं की म्हणायचे, "गोळ्यांबाबत त्यांचं चुकलं असेल. पण पाणी तपकिरी झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

रोहिणीनं वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "पप्पा, पाय न घालता टब चालू केला, तर काय होईल?"

आयुष्यभर दुसऱ्यांना असे प्रश्न विचारलेल्या सहादूंना हा प्रश्न आपल्याला कसा सुचला नाही, याचं फार वाईट वाटलं.

"काही होणार नाही," ते शेवटी म्हणाले. "पाणी स्वच्छ राहील."

"करून बघू या?"

"बघू. सगळ्यांसमोर बघू. तुझी तोंडघशी पडायची हौस भागू दे."

पुढच्या रविवारी महाशिबिर होतं. गौरांगनाथांनी सहादूंना मुद्दाम बोलावलं होतं, कारण असा साक्षीदार मिळणं कठीण. "आयुष्यभर ज्यांनी बुवांना पळवलं," ते माइकवर म्हणाले, "ते गांगुर्डेसाहेब आज विज्ञानाची साक्ष द्यायला आलेत. टाळ्या!"

सहादूंनी माइक घेतला. "जय भीम. नमस्कार," ते म्हणाले. "माझ्या मुलीला एक शंका आहे. खरं विज्ञान शंकेला घाबरत नाही. म्हणून आज माझ्या भाषणाऐवजी प्रयोग."

गौरांगनाथांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण हजारभर माणसांपुढे नाही म्हणता येईना. तेवढ्यात विमलाबाई पिशवी घेऊन स्टेजवर चढल्या. पिशवीतून त्यांनी एक चांगलं जाडजूड डांगर काढलं, पदरानं पुसलं आणि उजवीकडच्या टबात अलगद बसवलं. लाल भोपळ्याला इकडे सगळे डांगरच म्हणतात. गौरांगनाथांचा मदतनीस पाठमोरा होता. तो सवयीनं वळला, टबात गोदाफाजचं झाकणभर ओतलं आणि बटण दाबलं. मग त्याचं खाली लक्ष गेलं.

डांगराभोवती पिवळा ढग उठला. नारिंगी झाला. तपकिरी झाला. वर फेस आला.

"डांगराला कावीळ झाली!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि मांडवात हशा पिकला.

"सिरोसिस आहे का हो त्याला?"

"जिलेबी खाल्ली असंल!"

पण गौरांगनाथ कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी हात वर केला. "हसू नका! विचार करा. हे डांगर कुठून आलं? शेतातून. शेतात काय मारतात? रासायनिक खतं, फवारण्या. तेच विष माझ्या व्हायरसनं बाहेर काढलं. डांगरही शुद्ध केलं!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. "खरं हाय बरं का," एक शेतकरी शेजाऱ्याला म्हणाला. "आमच्याकडं फवारण्या लय मारत्यात." एकानं तर या टबात द्राक्षं धुता येतील का, असंही विचारलं.

सहादूंना वाटलं, मुलगी हरली. थोडं बरंही वाटलं, हे त्यांना नाकारता येईना.

रोहिणी पुढे आली. "सर, समजलं. विषारी काहीतरी टबात हवं. मग टबात काहीच नसेल, तर?"

"तर पाणी स्वच्छ राहणार!" गौरांगनाथ खुशीत म्हणाले. टाळ्या त्यांच्या डोक्यात गेल्या होत्या. "विषच नाही, तर निघणार काय? काचेसारखं राहणार!"

"नक्की?"

"गोदामाईची शप्पथ!"

रोहिणीनं टब ओतून धुतला, नवं पाणी घातलं, जाळीची डबी जागेवर ठेवली. गोदाफाजचं झाकण सहादूंनी ओतलं. बटणही त्यांनीच दाबलं.

सहादू टबावर वाकून उभे होते. त्यांना मनापासून वाटत होतं, की पाणी स्वच्छ राहावं. पैशाचं काय, जाऊ देत. पण आपण शहाणे होतो, एवढं तरी राहावं.

पाण्यात एक पिवळा धागा निघाला. मग ढग. मग चहाचा चोथा.

सहादू सरळ झाले आणि गौरांगनाथांकडे बघत म्हणाले, "टबात पाय नाही, डांगर नाही. आता हे विष कोणाचं? पाण्याचंच यकृत बिघडलं का?"

रोहिणीनं बटण बंद केलं, डबी बाहेर काढून उघडली. आत लोखंडाच्या पट्ट्या होत्या, कडांना कुरतडल्यासारख्या. बोट फिरवलं तर बोट तांबडं झालं. "हा गंज आहे," ती म्हणाली. "मिठाच्या पाण्यात लोखंड ठेवून त्यातून वीज सोडली, की लोखंड भराभर गंजतं आणि पाणी तपकिरी होतं. बुडबुडे येतात, त्यांचा फेस धरतो. पाय घाला, डांगर घाला, काही घालू नका, गंज निघणारच."

"मिठाचं पाणी कुठं आहे? ते गोदाफाज आहे!" गौरांगनाथ ओरडले.

विमलाबाईंनी निळी बाटली उचलली, हातावर थेंब घेतला आणि जिभेला लावला. "मीठच आहे," त्या म्हणाल्या. "आमटीत जास्त झालं की मला लगेच कळतं."

"अजून एक," रोहिणी म्हणाली. तिनं टब पुन्हा धुतला आणि त्यात सीलबंद बाटल्यांतलं शुद्ध पाणी ओतलं. नवी डबी ठेवली, गोदाफाज घातलं नाही. "पप्पा, पाय घाला."

सहादू त्या मखमली खुर्चीत बसले. हॉस्पिटलातून येऊन आठवडा झाला नव्हता, पायावर अजून थोडी सूज होती. बटण दाबलं. सगळे बघत राहिले. पाणी तसंच राहिलं.

"हे खरं आजारी यकृत," रोहिणी म्हणाली. "पण मीठ नाही, म्हणून विषही नाही."

गौरांगनाथांनी घोषणा केली, की आज अविश्वासी मंडळींमुळे व्हायरस रुसले आहेत, आणि ते नवरीच्या खोलीच्या दारानं मागे निघाले. त्या खोलीला मागचं दार नव्हतं. लॉन्सच्या मॅनेजरनं फाट्यावरचे पोलीस बोलावले. खोलीत मिठाची पोती आणि निळ्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग सापडला. ब्रह्मगिरीचं पाणी कुठेच नव्हतं. बाटल्या लॉन्सच्या बोअरवेलवर भरल्या जात होत्या.

सहादू अनवाणी स्टेजच्या कडेला आले. माइक अजून चालू होता.

"मी देवाच्या नावानं कधी फसलो नाही," ते म्हणाले. "विज्ञानाच्या नावानं फसलो. मला वाटलं, कोट आहे, स्टेथोस्कोप आहे, इंग्रजी शब्द आहेत, म्हणजे विज्ञान. विज्ञान शब्दांत नसतं हो. हे काढून घेतलं तर काय होईल, हा प्रश्न विचारण्यात असतं. तो मी विचारला नाही. गोळ्या बंद केल्या आणि मरता मरता वाचलो. तुमच्यापैकी ज्यांनी बंद केल्यात, त्यांनी उद्या सकाळी आपल्या डॉक्टरांकडे जा. माझं हसं झालं, चालेल. तुमचं मरण व्हायला नको."

लोक पांगायला लागले. चिडलेले, शरमलेले, काही अजूनही डांगराला हात लावून बघणारे. लासलगावच्या भागीबाई मात्र स्टेजजवळच उभ्या राहिल्या. त्यांचा नवरा काळू कांद्याच्या मार्केटात हमाली करायचा. आता तो मागे पिकअपमध्ये आडवा पडला होता, डोळे हळदीसारखे पिवळे.

"पोरी," त्या रोहिणीला म्हणाल्या, "माझा माणूस खरंच दारूनं आजारी हाय. खोटं कशाला बोलू? आता ते चांगलं व्हायरस कुठं मिळंल, तेवढं सांग."

"कुठंच नाही, मावशी. अजून नाही."

"कधी मिळंल?"

"माहीत नाही. मिळेल की नाही, तेही माहीत नाही. उंदरांवर चांगलं दिसलंय. माणसांवर तपासून बघायचं बाकी आहे, आणि ते झाल्याशिवाय कोणी विकत असेल, तर तो फसवतोय असं समजा. पण दारू आजपासून बंद केली आणि नीट उपचार घेतले, तर पुष्कळ फरक पडू शकतो. तेही किती, ते तपासल्यावरच डॉक्टर सांगतील."

भागीबाईंनी पदर खोचला. आतापर्यंत त्या ज्यांच्या ज्यांच्याकडे गेल्या होत्या, त्या प्रत्येकानं छातीवर हात ठेवून बरं करतो म्हणून सांगितलं होतं.

"माहीत नाय म्हणणारी तूच पहिली भेटली बाई," त्या म्हणाल्या. "मग तुझंच ऐकते. सिव्हिलला कसं जायचं?"

"मी येतो बरोबर," सहादू म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.